टेकू

साल 1974. मी सातवीत. फणसवाडीतल्या एका चाळीला टेकू लावायच्या कामावर बाप बिगारी होता. मोडकळीला आलेल्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी 1969 साली कायदा झालेला. गिरगावात वाडीवाडीत लाकडी वासे उभे राहत होते. मी डबा घेऊन जायचो.

खाली फळी, वर फळी, मधे वासा. मग पाचर ठोकायची. वरचा माळा करकरला की बाप म्हणायचा, "आता भार घेतला त्यानं." एकदा त्यानं पाणी मागितलं. माळ्यावरच्या बाईनं तांब्या लांब धरून त्याच्या ओंजळीत धार सोडली. बाप प्याला, हात पुसले आणि तिच्याच जमिनीखाली पुढची पाचर ठोकली.

त्याच वर्षी शाळेत तरफ शिकवली. भार, बल आणि टेकू. मी चमकलो. घरी सांगितलं तर बाप हसला, "पहारीखाली दगड सारतो, त्योच की." एका टोकाला भार, दुसऱ्या टोकाला बल, मधला टेकू दोघांचाही दाब सोसतो.

हा शब्द 'टेकणे'वरून आला. झाडणे-झाडू, तसं टेकणे-टेकू. पण झाडू स्वतः झाडतो. टेकूवर मात्र दुसरेच टेकतात. म्हणजे नाव याचं, आणि त्या नावात आराम वरच्याचा. आपल्या वाट्याला त्याच क्रियापदाचं उरलंसुरलं आलं: माथा टेकणं, गुडघे टेकणं, टेकीस येणं.

गावगाडाही असाच आपल्यावर टेकलेला. वेसकरकी, सांगावे, मेलेली ढोरं ओढणं, सगळा भार आपल्यावर आणि वतनाची पाचर घट्ट ठोकलेली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाचं बिल मांडलं, ते ही पाचर काढायलाच. वतनं मोडणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं.

आता पेपरात येतं, अमक्या पक्षानं सरकारला टेकू दिला. त्यात आपलेही असतात. मला ती चाळ आठवते. वर पंगत, खाली वासा.

पण मित्रांनो, पहारीचाही टेकूच असतो, आणि तो सरकवता येतो. भाराच्या जवळ नेला की थोडक्या हातांनी मोठा धोंडा हलतो. बाप सांगायचा, "धोंडा हलंना तर नुसता जोर लावू नगंस. आधी टेकू कुठं हाय त्ये बघ."

पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच घ्या.