कळफलकावरील ‘ळ’

लेखनाचे साधन आटोपशीर करावयाचे म्हटले की काय हाताशी ठेवावे आणि काय दृष्टीआड करावे, हे ठरवावे लागते. ते ठरवताना साधन घडविणारा भाषेविषयीचे आपले मतही नकळत नोंदवून ठेवतो. या दृष्टीने संगणकाचा कळफलक हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

जपानी संगणकशास्त्रज्ञ एइइची वादा यांच्या कल्पनेतून १९९६ साली प्रोग्रॅमरांसाठी एक छोटा कळफलक तयार झाला. त्याच्या कळा अवघ्या ६०. शंभराहून अधिक कळांच्या रूढ फलकावरील अंकांचा वेगळा संच आणि बाणांच्या कळा त्याने काढून टाकल्या. जे क्वचित लागते ते दुसऱ्या कळेच्या जोडीने दाबावयाचे ठेवले. हात जागचा हलू नये, हा हेतू. रोमन लिपीच्या २६ अक्षरांना ही काटकसर सहज मानवते. भारतीय लिपींचे काय?

याचे एक उत्तर चेन्नईत सापडते. फेब्रुवारी १९९९ मध्ये तेथे ‘तमिळनेट’ परिषद भरली आणि त्याच वर्षी तमिळनाडू शासनाने ‘तमिळ ९९’ ही कळरचना मान्य केली. परंपरेने तमिळची अक्षरे २४७ मोजली जातात; परंतु त्यांच्या मुळाशी १२ स्वर, १८ व्यंजने आणि एक आय्दम एवढेच आहे. म्हणून ३१ कळा पुरल्या. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘अम्मा’ लिहिताना अ, म, म, आ अशा चारच कळा दाबाव्या लागतात. व्यंजनाचे द्वित्व झाले की पहिल्यावरचा बिंदू आपोआप पडतो. येथे काटकसर साधली ती व्याकरणाच्या आधाराने. ल, ळ आणि तमिळचा खास ऴ या तिघांनाही स्वतंत्र कळ मिळाली. ज, ष, स, ह ही ग्रंथाक्षरे मात्र शिफ्टखाली गेली. ही वाटणी तांत्रिक असली तरी तमिळचे स्वतःचे काय आणि बाहेरून आलेले काय, याविषयीचा एक निवाडा तीत स्पष्ट वाचता येतो.

मराठीसाठी शासनमान्य असलेली ‘इन्स्क्रिप्ट’ रचना वेगळ्या ध्येयातून जन्मली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिपींना एकच मांडणी असावी, हे ते ध्येय. १९९१ च्या भारतीय मानकात तिचा समावेश झाला. तिच्यात कच्या कळेवर शिफ्टने ख येतो, गच्या कळेवर घ. वर्णमालेचा क्रम बोटांना कळतो. चेन्नईत बसून तमिळमधून मराठीत अनुवाद करणाऱ्याला हिचा लाभ मोठा आहे: दोन्ही भाषांतला क एकाच ठिकाणी सापडतो.

तथापि या समतेची किंमतही आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ळ हा लच्या कळेवर, शिफ्टखाली आहे. हिंदीला त्याची विशेष गरज पडत नाही. मराठीत मात्र बाळ, वेळ, डोळा, शाळा, केळ, पाऊसकाळ असा घरोघरचा शब्द त्यावाचून अडतो. ‘मराठी’तील ठ आणि ‘तमिळ’मधील ळ हे दोन्ही शिफ्टवाचून उमटत नाहीत, म्हणजे या दोन भाषांची नावेही अनुवादकाला एकेक जादा कळ दाबूनच लिहावी लागतात.

श्रम अर्थातच क्षुल्लक आहेत आणि सवयीने ते जाणवेनासे होतात. परंतु मराठी लिहिणारे कितीतरी जण आज रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात. त्यांना लिहिताना ल आणि ळ यांतला भेद इंग्रजीच्या लहान-मोठ्या ‘एल’वरून करावा लागतो. इन्स्क्रिप्टने ळला निदान वर्णमालेत लच्या शेजारी बसविले होते. रोमनच्या वाटेने तो दुसऱ्या लिपीतील अक्षराची एक छटा होऊन राहतो. सर्व भारतीय भाषांना एक फलक हवा की प्रत्येकीला आपला, याचा निर्णय तमिळने आपल्यापुरता केला. मराठीने तो प्रश्न अजून स्वतःला पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.