पेशी उलट का लिहीत नाही?

प्रिय सई,



परवा फोनवर तू विचारलंस, ‘आत्या, डीएनएचे दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी असतात, तर पेशीनं दोन दिशांनी चालणारी दोन पॉलिमरेज का नाही ठेवली? तुकड्या-तुकड्यांचा एवढा खटाटोप कशाला?’ वर्गात तुला ‘ते तसंच असतं’ एवढंच उत्तर मिळालं, याचं मला फार वाईट वाटलं. इतक्या चांगल्या प्रश्नाची अशी बोळवण होऊ नये. उत्तर आहे, आणि ते मला जीवशास्त्रातल्या सगळ्यांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

पॉलिमरेज नवा धागा एकाच दिशेनं वाढवतं, पाच-प्राइम टोकाकडून तीन-प्राइम टोकाकडे. डीएनए उलगडत जातो तेव्हा एका जुन्या धाग्यासमोर हे एन्झाइम सलग पुढे जाऊ शकतं. दुसऱ्या धाग्यासमोर मात्र त्याला उलगडण्याच्या विरुद्ध दिशेनं जावं लागतं. म्हणून तिथं थोडा डीएनए उघडला की प्रायमेज नावाचं एन्झाइम आरएनएचा छोटा प्रायमर टाकतं, पॉलिमरेज तिथून मागच्या तुकड्यापर्यंत लिहीत जातं, मग पुन्हा पुढे नवा प्रायमर. नंतर प्रायमर काढायचे, रिकाम्या जागा भरायच्या, लायगेजनं सांधे जोडायचे. ई. कोलाय या जिवाणूत हे तुकडे हजार-दोन हजार अक्षरांचे (म्हणजे न्यूक्लिओटाइडांचे), आपल्या पेशीत शंभर-दोनशेंचे. आपली एक पेशी विभागण्यापूर्वी असे काही कोटी तुकडे तयार करते.

आता तुझं ते उलट दिशेचं पॉलिमरेज कल्पनेत आण. जोडणीला ऊर्जा लागते, आणि ती येते तीन फॉस्फेटांच्या साखळीतून. नेहमीच्या दिशेत प्रत्येक नवं अक्षर स्वतःची तीन फॉस्फेटं बरोबर घेऊन येतं. चुकीचं अक्षर बसलं की पॉलिमरेज अडखळतं, धाग्याचं टोक पॉलिमरेजच्याच दुसऱ्या कप्प्यात सरकतं, तिथं ते अक्षर कापलं जातं आणि टोक परत येतं. काहीच बिघडत नाही, कारण पुढचं अक्षर आपली ऊर्जा घेऊन येणारच आहे. उलट दिशेत मात्र ती तीन फॉस्फेटं वाढत्या धाग्याच्या टोकावर असती. चुकीचं अक्षर कापलं की ऊर्जाही त्याच्याबरोबर गेली! टोक उघडं पडलं आणि धागा तिथेच थांबला. म्हणजे उलट लिहिता आलं असतं, पण लिहिलेलं खोडून लगेच पुढे जाता आलं नसतं. कोट्यवधी तुकडे जोडण्याचा खर्च पेशी करते तो दुरुस्तीची सोय हातची जाऊ नये म्हणून, असं मी मानते.

ही सोय केवढी मोलाची आहे बघ. पॉलिमरेजची निवड साधारण लाखात एकदा चुकते. जागच्या जागी होणाऱ्या दुरुस्तीनं चुका सुमारे शंभर पटींनी कमी होतात. मागून येणारी दुसरी प्रथिनं उरलेल्या चुका शोधतात, आणि शेवटी शंभर कोटी अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक राहते. आपला जीनोम तीनशे कोटींहून अधिक अक्षरांचा आहे. दुरुस्तीशिवाय तो पिढ्यान्‌पिढ्या टिकलाच नसता.

ज्यांनी दुरुस्ती सोडली त्यांना लहान राहावं लागलं. फ्लूच्या विषाणूच्या पॉलिमरेजला खोडता येत नाही. त्याचा सगळा मजकूर आठ तुकड्यांत मिळून साडेतेरा हजार अक्षरांच्या आसपास आहे. चुकांमुळे तो सतत बदलतो आणि लस वरचेवर नवी करावी लागते. कोरोना विषाणूचा आरएनए मात्र तीस हजार अक्षरांचा. एवढी लांबी त्याला कशी झेपते? त्याच्यापाशी एनएसपी-14 नावाचं प्रथिन आहे आणि ते चुकीची अक्षरं कापतं. संशोधकांनी उंदरांच्या कोरोना विषाणूत आणि 2003 च्या सार्सच्या विषाणूत ही कात्री निकामी केली, तेव्हा चुका पंधरा-वीस पटींनी वाढल्या.

एप्रिल 2021 मध्ये आपल्याकडे रेमडेसिवीरसाठी लोक औषधाच्या दुकानांपुढे रांगा लावून उभे होते, तुला आठवत असेल. ते औषध याच कात्रीला चकवण्याचा प्रयत्न करतं. शरीरात गेल्यावर ते ‘ए’ या अक्षराचं सोंग घेऊन विषाणूच्या नव्या धाग्यात शिरतं. पुढे आणखी तीन अक्षरं बसतात आणि मग पॉलिमरेज अडतं. तोवर खोटं अक्षर टोकापासून आत गेलेलं असतं, म्हणून कात्रीच्या तावडीत सहज सापडत नाही. युक्ती देखणी आहे, पण रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू त्यानं फारसे कमी झाले नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसलं. रांगेतल्या त्या माणसांना या दोन्ही गोष्टी कुणीतरी समजावून सांगायला हव्या होत्या, असं मला अजून वाटतं.

आता दुसऱ्या धाग्यासमोरचे ते तुकडे ज्यांच्यामुळे कळले त्यांच्याविषयी थोडं लिहिते. पुस्तकात ‘ओकाझाकी तुकडे’ एवढंच छापतात. रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे जपानच्या नागोया विद्यापीठातलं जोडपं. त्यांनी जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडिन दिलं, आणि नुकताच लिहिला गेलेला डीएनए लहान लहान तुकड्यांत सापडला. 1968 मध्ये हे प्रसिद्ध झालं. रेजी हिरोशिमाचे. बाँब पडला तेव्हा चौदा वर्षांचे होते. 1975 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगानं गेले. त्सुनेकोंनी काम थांबवलं नाही. प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या प्रायमरनं होते, हे प्रस्थापित करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. 2021 मध्ये जपाननं त्यांना ‘ऑर्डर ऑफ कल्चर’ हा सन्मान दिला. तुझ्या वर्गातल्या मुलींना हे नक्की सांग.

ग्रंथालयात 1968 चा तो मूळ लेख मिळतो का बघ. आलेखांत किरणोत्सारी खूण आधी लहान तुकड्यांत दिसते आणि वेळ वाढत जाईल तशी लांब धाग्यांकडे सरकते. ते स्वतः पाहिलंस की लायगेज मंदावलेल्या पेशीत तो आलेख कसा दिसेल हे ताडून बघ, आणि मला कळव.

तुझी,
आत्या