तीस हजारांचं अंगण

‘आई, आपण अंगणात पॅटिओ करूया.’

‘अंगनमा पॅटिस? काय बोलस व बेटा?’

आमच्या प्रोजेक्टची सुरुवात ही अशी झाली. फोनवर. मी पुण्यात, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात मोबाइल. आई देवपुरात, बहुधा एका हातात लाटणं. मागून अप्पांचा आवाज, ‘काय म्हणतेय ती?’ आणि आईचं उत्तर, ‘काही नाही, भूक लागली वाटतं तिला.’

धुळं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पांझरेच्या अलीकडे जुनं गाव आणि पलीकडे देवपूर. नदीकाठी एकवीरा देवीचं मंदिर, मग कॉलेजं, मग कॉलन्या. आमच्याकडे आजही ‘गावात जाऊन येते’ म्हणजे पूल ओलांडून बाजारात जाऊन येते. अशाच एका कॉलनीत अप्पांनी नोकरीत असताना घर बांधलं. पुढे वीस बाय अठरा फुटांचं अंगण, कोपऱ्यात कडुनिंब, गेटजवळ तुळस आणि बाकी सगळी काळी माती. एकेकाळी आई ते सारवायची. गुडघे दुखायला लागल्यावर सारवण बंद झालं आणि अंगण नुसतं उरलं.

माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणी हिंजवडीत नाहीतर खराडीत टू बीएचके बुक करतायत. मी फ्रीलान्स पत्रकार. लेख छापून येतो लगेच, चेक येतो सावकाश. ईएमआय हा शब्द मी फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकते. पण गेल्या मार्चमध्ये तीन-चार जुनी बिलं एकदम क्लिअर झाली आणि अकाउंटला चक्क तीस हजार रुपये एक्स्ट्रा दिसले. फ्लॅट जाऊ दे, म्हटलं, अंगण तरी आपल्या पैशांनी करू!

आणखी एक कारण होतं, जे मी फोनवर बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी अप्पांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. आता ते वॉकरवर चालतात. उन्हाळ्यात गेटपर्यंत जायचे, पेपर घ्यायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. पण आधीच्या पावसाळ्यात काळ्या मातीत वॉकरचे पाय रुतायला लागले. एकदा तोल गेला. आईने धरलं, लागलं काही नाही, पण त्यानंतर अप्पा ओट्याच्या खाली उतरेनात. चार महिने. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत मुलांना ‘बाहेर पडा, जग बघा’ सांगितलं, त्याचं जग ओट्याच्या कडेला संपत होतं.

स्वप्न ग्रे शेडचं

एप्रिलमध्ये मी धुळ्याला गेले ती फोनमध्ये ऐंशी फोटो सेव्ह करूनच. दोन बाय दोनच्या मोठ्या करड्या स्लॅब्ज, मध्ये हिरवळीची बारीक रेघ, एक लाकडी बाक, वर पिवळे दिवे. एकदम सॉलिड! मुंबई-आग्रा हायवेच्या कडेला फरशीवाल्यांकडे गेले आणि पहिल्याच दुकानात जमिनीवर आले. वीस मिलिमीटर जाडीच्या आउटडोअर पोर्सिलेनचा भाव मला सांगितला 130 रुपये चौरस फूट. आमचं अंगण 360 चौरस फूट. म्हणजे नुसत्या टाइल्सचे 46,800. बसवायची मजुरी वेगळी. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

मग खरा अभ्यास सुरू झाला. बजेटमधले पर्याय साधारण असे होते : शहाबादी, कोटा, कडाप्पा, सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, मोरबीहून येणाऱ्या पार्किंग टाइल्स आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे सिमेंटचा कोबा.

इथे मला एक गंमत कळली. खान्देश उभा आहे तो काळ्या पाषाणावर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बेसॉल्ट. लळिंगचा किल्लाही त्याच दगडाच्या डोंगरावर. मग अंगणात घालायला दगड बाहेरून का आणायचा? कारण बेसॉल्ट फोडला की ढेकळं निघतात. त्याची खडी होते, भिंती होतात, पण सपाट पातळ फरशी स्वस्तात निघत नाही. फरशीला लागतो थराथराने साचलेला दगड, जो पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो. शहाबादी, कोटा, कडाप्पा हे तिन्ही तसेच, चुनखडीच्या जातीचे. शहाबाद कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, कोटा राजस्थानात, कडाप्पा आंध्रात. आपण नुसतं ‘कडाप्पा’ म्हणतो आणि ते गावाचं नाव आहे हेच विसरून जातो.

चार तुकडे, एक दुपार

मला डोकं चालवून निवड करायची होती. आईने पाय चालवून केली.

दुकानदाराकडून मी सॅम्पलचे चार तुकडे आणले होते : पॉलिश कोटा, कडाप्पा, लाल पेव्हर ब्लॉक आणि बिनपॉलिशची शहाबादी. आईने ते उचलले आणि भर दुपारी दोन वाजता अंगणात मांडले. पारा 43 च्या आसपास. तासाभराने चप्पल काढून ती एकेका तुकड्यावर उभी राहिली. कडाप्प्यावर पाय टेकवला न टेकवला तोच ‘पाय भाजतस व!’ म्हणत उडी. काळा रंग ऊन पितो, हे शाळेत शिकले होते, पण आईच्या उडीइतकं नीट तेव्हा समजलं नव्हतं. लाल ब्लॉकही चांगलाच तापला होता. कोटा आणि शहाबादी त्या मानाने बरे. गार नाहीत हं! मे महिन्यात धुळ्यात गार फक्त माठातलं पाणी असतं.

मग तिने चारही तुकड्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि अप्पांचा वॉकर आणला. पॉलिश कोट्यावर वॉकरचं रबर सर्रकन सरकलं. आईने माझ्याकडे बघितलं, बोलली काही नाही. कोटा दिसायला देखणा होता. दुकानात मी त्याच्यावरच फिदा झाले होते. शहाबादीच्या खरखरीत पाठीवर वॉकर जागच्या जागी राहिला.

पेव्हर ब्लॉकचीही पकड मस्त होती. त्यांचा फायदा असा, की सांध्यांतून थोडं पाणी मुरतं आणि एखादा खचला तर तेवढाच काढून परत बसवता येतो. घेणार असाल तर माणसांच्या वावरासाठी आणि दुचाकी-कारसाठी 60 मिलिमीटर जाडी पुरते. पण ब्लॉक म्हणजे भरमसाट सांधे. खालची काळी माती थोडी हलली की एक ब्लॉक वर, एक खाली, आणि वॉकरला अर्ध्या इंचाचा उंचवटाही पुरतो. आमच्यासाठी ते कटाप.

शहाबादी! म्हणजे आजीच्या मोरीत होती तीच, शाळेच्या व्हरांड्यात होती तीच. ऐंशी फोटोंमध्ये तिचा एकही फोटो नव्हता. भाव 38 रुपये फूट.

पानी कथा जाई?

आता मिस्तरींची एन्ट्री. साठीचे गृहस्थ, डोक्यावर टोपी, कानाला पेन्सिल. मी माझ्या वहीत काढलेलं ड्रॉइंग दाखवलं. पूर्ण अंगण फरशीने भरलेलं, मधोमध चार कुंड्या. त्यांनी वही लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि म्हणाले, ‘बठ्ठं ठीक शे ताई, पन पानी कथा जाई?’

पाणी कुठे जाणार? मला हा प्रश्नच पडला नव्हता. मी मास कम्युनिकेशन शिकले, त्यात पाण्यावर स्वतंत्र पेपर नव्हता.

मिस्तरींनी अंगणात उकिडवं बसून सांगितलं. पूर्ण अंगण पॅक केलं तर पाऊस एकतर घरात येणार नाहीतर रस्त्यावर जाणार. कडुनिंब उन्हाळ्यात तहानेला राहणार. आणि काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत पियानो वाजेल. कोबा केला तर त्याला तडे जातील. (पियानो हा शब्द माझा. ते ‘खडखड करी’ म्हणाले.)

मग आम्ही तिघांनी मिळून ड्रॉइंग बदललं. दरवाजापासून गेटपर्यंत पाच फूट रुंदीची सरळ वाट, म्हणजे वॉकर चालेल आणि शेजारी आईही चालेल. वाटेला लागून निंबाखाली नऊ बाय दहाची बसायची जागा. झाली एकशे ऐंशी चौरस फूट, बरोब्बर निम्मं अंगण. उरलेलं निम्मं मातीचंच. तिथे मोगरा, तुळस, कढीपत्ता. फरशीला घरापासून उलट्या बाजूला, पाच फुटांना एक इंच उतार. सगळं पाणी निंबाच्या आळ्यात.

खर्चही निम्म्यावर आला. बजेट कमी असेल तर स्वस्त फरशी शोधण्याआधी कमी फरशी घाला, हा फंडा मला कुठल्याही फोटोने सांगितला नव्हता.

पैसे गेले जमिनीत

काम सहा दिवस चाललं. पहिले अडीच दिवस फरशीला कोणी हातही लावला नाही. अर्धा फूट काळी माती उपसली, मुरूम भरला, पाणी मारून धुमसाने ठोकला. मग पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. मी वैतागून म्हटलं, ‘मिस्तरी, हे तर दिसणारच नाही ना कोणाला!’ ते हसले आणि ठोकत राहिले. मग पाण्याची पारदर्शक नळी घेऊन लेव्हल काढली, दोऱ्या बांधल्या, मसाला टाकला आणि एकेक फरशी लाकडी हातोड्याने हळू ठोकून बसवली. प्रत्येक फरशी आधी वाजवून बघायची. खालून पोकळ आवाज आला की उचलून परत मसाला. शेवटी दरजा सिमेंटने अगदी फरशीच्या पातळीला भरल्या. वॉकरसाठी.

हिशोब सांगते, कारण अशा लेखांत तो कधीच नसतो. फरशी तुटफूट धरून दहा टक्के जास्त घेतली, वाहतुकीसह 8,800. मजुरी 5,400. खोदाई आणि मुरूम 5,500. सिमेंट-वाळू 6,040. ओट्याच्या पायरीला लोखंडी पाइपचं रेलिंग 2,600. निंबाच्या सावलीत कडाप्प्याचा बाक 1,600 (सावलीत तो तापत नाही, आईने तपासलं). एकूण 29,940. म्हणजे दगडापेक्षा दगडाखालच्या गोष्टींवर जास्त खर्च झाला. पत्रकारितेतही असंच असतं म्हणा. छापून येतं ते कमी, खालचं भरण जास्त.

एक टीप फुकट : शहाबादी, कोटा, कडाप्पा यांच्यावर ॲसिड ओतून साफसफाई करू नका. चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने खाल्ला जातो. लिंबू-चिंच सांडली तरी लगेच पुसा.

साठ रुपये उरले

दरजा भरल्यावर मिस्तरींनी बजावलं, दोन दिवस कोणी पाय ठेवायचा नाही, आठ दिवस पाणी मारायचं. ते दोन दिवस अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून फरशीकडे बघत बसले. आई सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारायची आणि ते सांगायचे, ‘त्या कोपऱ्यात राहिलं बघ.’ कित्येक महिन्यांनी ते कोणाला तरी सूचना करत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी रेलिंग धरलं. पायरीही आता बुटकी झाली होती, फरशीखालच्या भरावामुळे सातऐवजी पाच इंच. वॉकर खाली ठेवला. टक. मग दुसरा आवाज, टक. मी शेजारी चालत होते, हात पुढे करून, पण त्यांना लावला नाही. अठरा फूट. मध्ये एकदा थांबले, निंबाकडे वर पाहिलं, पुन्हा निघाले. गेटला हात लावला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या शेजारच्या काकांना हाक मारली. काका सायकल टाकून आले. दोघं अर्धा तास गेटवर बोलत होते. विषय पाण्याची पाळी. माझ्या अंगणाचं नावही नाही!

आईने दुसऱ्या दिवशी बसायच्या जागेवर जुनं लुगडं अंथरून बिबडे वाळत घातले. माझ्या डोळ्यांसमोरचे पिवळे दिवे आणि लाकडी बाक कुठल्या कुठे गेले. फोटो काढला, पण अपलोड नाही केला. त्यात लुगडं होतं, बिबडे होते, वॉकर होता, आणि ती मॉडर्न पॅटिओची फ्रेम नव्हतीच.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा मी पुण्यात होते. रात्री फोन वाजला. अप्पा स्वतः. ‘ऐक,’ म्हणाले आणि फोन बाहेर धरला. नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, ‘सगळं पाणी निंबाला गेलं. मी आत्ता गेटपर्यंत जाऊन आलो. छत्री तुझ्या आईने धरली.’

तीस हजारांतले साठ रुपये काम संपलं त्या संध्याकाळीच संपले होते. मी गावात जाऊन चार पॅटिस आणले होते. मिस्तरींना एक, आम्हाला तिघांना तीन. निंबाखालच्या नव्या फरशीवर बसून आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘पहिल्या दिवशीच म्हटलं होतं ना मी, पॅटिस!’