अर्ध्या आण्याची आत्या

साताऱ्याच्या त्या घरात बहुतेक वेळा पुलावच शिजायचा. थाट म्हणून नव्हे. चपात्या-भाकऱ्या चार शाळकरी पोरांना जमत नसत. तांदूळ आणि मटण एकत्र शिजवलं की भागायचं. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. आई भीमाबाई वारलेल्या, बहिणी सासरी. घरात भीमराव, त्याचा भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुलं. मोठं माणूस एकच, मीराआत्या.

मोठी म्हणायची तीही वयानं. आत्या ठेंगणी, पाय अधू. पुष्कळदा तिलाच उचलून न्यावं लागे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेब आंबेडकर हे आडपडदा न ठेवता सांगतात. कामाच्या दृष्टीनं आत्याचा काही उपयोग नव्हता, हेही सांगतात. आणि त्याच दमात लिहितात, की तिच्याइतकं मायाळू माणूस त्यांच्या पाहण्यात नाही.

आईपण चुलीपाशी मोजायची आपली जुनी खोड आहे. कुणी भरवलं, कुणी न्हाऊमाखू घातलं, कुणी आजारपण काढलं, असा हिशेब मांडला तर या आत्याच्या नावावर फारसं काही जमा होणार नाही. पोरंच रांधत होती, आत्याचं ताटही तीच वाढत असणार. तरीही चाळिशी ओलांडलेला, जगभर फिरलेला एक कायदेपंडित बालपणाकडे वळून बघतो तेव्हा मायेची साक्ष तिच्याच बाजूनं देतो.

रामजींनी पुढे दुसरं लग्न केलं. जिजाबाई घरात आल्या आणि भीमाबाईंचे दागिने त्यांच्या अंगावर दिसले. पोराला ते सोसलं नाही. एका परीनं हा जिजाबाईंवर अन्यायच. त्याही विधवा होत्या, दुसऱ्यांदा संसार मांडायला आल्या होत्या. त्यांची बाजू ऐकून घ्यायला त्या घरात कुणाला सवड होती? पण शोक करणाऱ्या पोराकडून न्यायनिवाड्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नसतो. बाप घरात बायको आणू शकतो. आई कोणाला म्हणायचं, हे पोर आपल्या मनाशी ठरवतं, आणि त्यावर अपील नाही.

भीमरावानं ठरवलं, की बापाच्या जिवावर जगायचं नाही. साताऱ्याची काही पोरं मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागली होती, तसंच जायचं. गाडीभाडं कुठून आणायचं? आत्या पैशांची पिशवी कमरेला खोचून झोपायची आणि हा तिच्या शेजारी. तीन रात्री प्रयत्न फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत अर्धा आणा! तेवढ्यात मुंबई गाठणं शक्यच नव्हतं. चार रात्रींच्या त्या धाकधुकीनं चोरीची हौस फिटली आणि मन लावून शिकायचं ठरलं. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकिकत आहे, आणि ती नेहमी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण घरावर रुसलेला पोरगा पळून जायची तयारीसुद्धा आत्याच्या कुशीत झोपून करत होता, हे त्यात सहज निसटून जातं. आणि तो अर्धा आणा? रोख म्हणून त्या बाईजवळ त्या रात्री तेवढंच होतं.

आईविना वाढलेल्या आणखी एका मुलाची गोष्ट अशीच आहे. जोतिराव फुल्यांची आई चिमणाबाई गेली तेव्हा ते जेमतेम वर्षाचे होते. गोविंदरावांनी पुन्हा लग्न केलं नाही. मूल वाढवलं नात्यातल्या एका बालविधवेनं, सगुणाबाई क्षीरसागरांनी. जॉन नावाच्या इंग्रजाकडे मुलं सांभाळण्याची नोकरी करताना त्यांच्या कानावर इंग्रजी पडली होती आणि शिकण्याचं मोल त्यांना तिथेच कळलं. त्या काळच्या समाजात बालविधवेला ना संसार, ना मूल, ना मान. तिला मूल मिळालं ते असं, दुसऱ्याच्या घरातल्या मृत्यूमुळे. सावित्रीबाईंनी या सासूसारख्या बाईला ‘आऊ’ म्हटलं, तिच्यावर कविता केली.

संभाजीराजांचीही हकिकत याच वळणाची. 1659 मध्ये सईबाई गेल्या तेव्हा ते दोन वर्षांचे. दूध पाजलं कापूरहोळच्या धाराऊ गाडेंनी, पुढे आजी जिजाऊंची सावली मिळाली. वाड्यात सावत्र आयांना तोटा नव्हता.

फुल्यांच्या घरात मात्र ही माया परत फिरली. 1863 मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेनं जन्म दिलेला मुलगा त्यांनी आपला म्हणून वाढवला, तो यशवंत. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतिराव वारले तेव्हा भाऊबंदांनी वाद घातला, की दत्तकाला टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, धरायचा हक्क नाही. सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या.

यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ त्यानं दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोगी शोधून तिथे आणत, मुंढव्याहून एका आजारी पोराला तर त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्याच साथीत, 10 मार्चला, त्या गेल्या. ज्याला आपला म्हणून वाढवलं, त्याच यशवंतच्या दवाखान्यासाठी त्या राबत होत्या.