दहापैकी किती?

अमेरिकेत घर बघायला लागलं की "खोल्या किती?" हा दुसरा प्रश्न असतो. पहिला म्हणजे "शाळा कितीची?" जाहिरातीत प्रत्येक घराखाली जवळच्या सरकारी शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. आम्ही बॉथेलमध्ये घर शोधत होतो तेव्हाची गंमत. एकच रस्ता, समोरासमोर अगदी सारखी दोन घरं, पण शाळेची हद्द बरोबर मधून गेलेली. इकडे नऊ, तिकडे सहा. किमतीतला फरक म्हणाल तर एक चांगली गाडी आली असती!

त्याच आठवड्यात गावाहून दादाचा फोन. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. पुतणी झेडपीच्या शाळेत तिसरीला, अख्ख्या शाळेचा पट चौदा.

"बाळ्या, आपल्या शाळेचा निकाल यंदा पार घसरलाय. मागल्या वर्षी केंद्रात पहिली होती. पोरीला साताऱ्याला इंग्लिश मीडियमला टाकू का? तू एवढा आकड्यांतला डॉक्टर, तूच सांग."

आली का पंचाईत! सेन्सरमधून येणाऱ्या आकड्यांत खरं किती आणि खरखर किती हे शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण शाळांच्या आकड्यांकडे मी तसं कधी बघितलंच नव्हतं. म्हणून एका रात्री वॉशिंग्टन राज्याच्या शिक्षण खात्याची आकडेवारी उघडून बसलो. मुद्दाम ओकानोगन काउंटी निवडली. कॅस्केड पर्वत ओलांडून इथून चारेक तासांवर, क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी काउंटी. सफरचंदांच्या बागा, छोटी छोटी गावं आणि बागांत राबणारी कितीतरी कुटुंबं मूळची मेक्सिकोची. म्हणजे घरात स्पॅनिश आणि परीक्षा इंग्रजीत.

पहिली गोष्ट लक्षात आली ती साध्या गणिताची. वर्गात बारा मुलं असतील तर एक मूल तापाने फणफणलं की निकाल आठ टक्क्यांनी खाली. निम्मी मुलं पास होण्यासारखी असतील तर बारांच्या वर्गाचा निकाल काहीही न बदलता सहज चौदा टक्के वर-खाली होतो. चारशे मुलं असतील तर जेमतेम अडीच टक्के. म्हणजे पहिला नंबर लहान शाळेचा आणि शेवटचाही लहान शाळेचाच!

भले भले यात फसले आहेत. शेजारच्या सिअ‍ॅटलच्या गेट्स फाउंडेशनने २००० च्या दशकात लहान हायस्कुलांवर प्रचंड पैसा लावला. उत्तम शाळांच्या यादीत लहान शाळा जास्त दिसतात, हे त्यामागचं एक कारण. पुढे हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळा तपासून दाखवलं की तळाच्या यादीतही लहान शाळाच जास्त आहेत. ती यादी कुणी बघितलीच नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गुण नक्की कशाचे? मूल तिसरीत जे घेऊन येतं त्यात घरातली पुस्तकं, आईबापांचं शिक्षण, पगार सगळंच असतं. स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशातल्या सुमारे ११ हजार स्कूल डिस्ट्रिक्टचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये दाखवलं की सरासरी गुण पालकांच्या ऐपतीशी घट्ट बांधलेले आहेत, पण मुलं वर्षागणिक किती पुढे जातात याचा ऐपतीशी संबंध बराच सैल आहे. शिकागोच्या सरकारी शाळांचे तिसरीचे गुण कमी, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत तिथली मुलं सहा वर्षांचं शिकली होती! बागेतल्या मजुराचं पोर 'दोन'वरून 'पाच'वर नेणारी शाळा चांगली, की इंजिनिअरांची पोरं 'नऊ'वर आली आणि 'नऊ'वरच राहिली ती?

दादाला एवढं सगळं सांगितलं. म्हटलं, एका वर्षाच्या निकालाने शाळा ठरवू नकोस. चौदा पोरांत निकाल उड्या मारणारच. त्यापेक्षा 'प्रथम' संस्थेचे लोक 'असर'साठी २००५ पासून गावोगाव करतात ते कर. पोरीला दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला दे. दिवाळीनंतर पुन्हा दे, थोडा अवघड. पुढे गेली का, तेवढं बघ.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. आणि तू घर कुठल्या बाजूचं घेतलंस?"

काय सांगणार! नऊच्या बाजूचं. सगळं गणित कळत असूनही. स्वतःच्या पोराची पाळी आली की संख्याशास्त्र खिडकीशी उभं राहतं आणि भीती सही करून मोकळी होते. ज्या शाळेला कुणी दहापैकी दोनसुद्धा दिले नसते, तिथेच सारवलेल्या जमिनीवर बसून मी शिकलो, हेही त्या वेळी आठवलं नाही.

दादा हसला फक्त. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. पुतणीने फोनवरच अख्खा धडा वाचून दाखवला. जोडाक्षरांना दोनदा अडखळली, मग स्वतःच सुधारून पुढे गेली. ती अजून गावच्याच शाळेत आहे.

आणि आमच्या चिरंजीवांना मी अजून एकदाही असं समोर बसवून वाचायला लावलेलं नाही. शाळा नऊची आहे ना!