पृथ्वीचा करगोटा

शाळेत भूगोलाच्या पुस्तकात पृथ्वीवर पट्टे आखलेले असत. उष्ण कटिबंध, समशीतोष्ण कटिबंध, शीत कटिबंध. आम्ही ते घोकले. विठ्ठलाचे हात ज्या कटेवर असतात तीच ही कटी, हे मला फार उशिरा उमगलं. तान्ह्या बाळाला करगोटा बांधावा तसा उष्ण कटिबंधाचा पट्टा पृथ्वीच्या कमरेला बांधलेला आहे. शब्द इतका मायेचा, पण आपण त्यातलं 'उष्ण' तेवढंच उचललं. उष्णकटिबंधीय वादळं, उष्णकटिबंधीय आजार. या आजारांच्या अभ्यासासाठी लंडनमध्ये 1899 साली खास संस्था निघाली. घाम, डास, ताप. बाहेरून आलेल्यांना हा मुलूख असा दिसला आणि त्यांची ती नजर आपण शब्दासकट घेतली.

इंग्रजीतला 'ट्रॉपिक' मात्र उष्णतेबद्दल अवाक्षरही काढत नाही. त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे वळणं. सूर्य उत्तरेकडे सरकत 21 जूनच्या सुमारास साडेतेवीस अंशांवर, कर्कवृत्तावर पोचतो आणि माघारी वळतो. डिसेंबरात मकरवृत्तावरून तसाच परततो. या दोन वळणांमधला मुलूख तो ट्रॉपिक्स. दक्षिणायन, उत्तरायण हे शब्द तर आपल्या आज्यांच्या तोंडी होते. पण ते राहिले पंचांगात आणि कटिबंध भूगोलात. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

माझ्यापुरती ती पडली पुण्यात, 13 मेच्या दुपारी, शून्य सावलीच्या दिवशी. साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक रिकामा उभा डबा ठेवला होता. त्याची सावली बोटभर होती, मग नखाएवढी, मग नुसती काळी रेघ, आणि मग डब्याभोवती फक्त ऊन. माझी सावली पायांपाशी गोळा झाली होती. काही मिनिटांत रेघ दुसऱ्या बाजूने उमटू लागली.

दिल्लीत सूर्य असा नेमका माथ्यावर कधीच येत नाही. अख्खा महाराष्ट्र मात्र या पट्ट्यात आहे, म्हणून इथे तो वर्षातून दोनदा येतो. सावंतवाडीकडे मेच्या सुरुवातीला, नागपुरात 26 मेच्या आसपास. आणि परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा, बहुधा पावसाळी ढगांआड.

सूर्य ज्यांच्या माथ्यावरून येजा करतो, त्यांचा हा मुलूख आहे. आपल्या गावच्या शून्य सावलीच्या दिवसावर कॅलेंडरात खूण करून ठेवा, आणि त्या दुपारी मुलांना घेऊन दहा मिनिटं उन्हात उभे राहा.