ते वाक्य मी मागे घेते

ऑक्टोबर २०१३. मधल्या सुट्टीत आमच्या मराठी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले होते आणि टेबलावर गुजराती पेपर पसरला होता. सुरतच्याच दोन सख्ख्या बहिणींनी पोलिसांत तक्रार दिली होती. मोठीची आसारामांविरुद्ध, धाकटीची त्यांचा मुलगा नारायण साई याच्याविरुद्ध. तक्रारीतल्या घटना बऱ्याच वर्षांपूर्वीच्या होत्या. मी पेपर बाजूला सारला आणि म्हणाले, “इतकी वर्षं काय झोपल्या होत्या? खरं असतं तर त्याच दिवशी बोलल्या असत्या.”

दोघी-तिघींनी मान डोलावली. माझी भाची खिडकीजवळ बसली होती. ती तेव्हा आमच्या शाळेत तात्पुरती शिकवायला यायची आणि माझ्याकडेच राहायची. तिने अर्धा डबा तसाच झाकला आणि पाणी प्यायला बाहेर गेली. मला त्यात काही वाटलं नाही.

मी तसं का बोलले, ते आधी सांगते. आम्ही मूळचे खानदेशातले. लग्न होऊन सुरतला आले, यजमान लूमवर कामाला होते, आणि उधना-लिंबायतकडच्या हजारो मराठी घरांसारखंच आमचं घर उभं राहिलं. माझी आई म्हातारपणी माझ्याकडे राहायला आली तेव्हा या शहरात तिचं कुणी नव्हतं. तिला माणसं भेटली ती आसारामांच्या जहांगीरपुऱ्याच्या आश्रमातल्या सत्संगात. ती तिथून आली की तिचा चेहरा उजळलेला असायचा. घरात ‘ऋषीप्रसाद’ मासिक यायचं. पुढे १४ फेब्रुवारीला मातृ-पितृ पूजन सुरू झालं, ते आमच्या शाळेतही व्हायचं. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आयांचे पाय त्यांची मुलं धुवायची आणि त्या माउल्या पदराने डोळे टिपायच्या. ते दृश्य खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं म्हणणार नाही. पण त्या अश्रूंवरून मी गुरूची परीक्षा केली, हे चुकलं.

खुणा दिसत नव्हत्या असंही नाही. २०१३ च्याच जानेवारीत, दिल्लीच्या निर्भयाने हल्लेखोरांना भाऊ म्हणून विनवायला हवं होतं, असं आसाराम बोलले. मार्चमध्ये अर्धा महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना नागपूरला आणि नवी मुंबईला त्यांनी होळीत टँकरचं पाणी उडवलं. माझे चुलतभाऊ धुळ्याकडे तेव्हा विकतचं पाणी पीत होते, तरी मी म्हणाले, भक्तांचा आनंद आहे. ऑगस्टमध्ये आसारामांविरुद्ध जोधपूरच्या प्रकरणात अल्पवयीन मुलीची तक्रार आली आणि त्याच आठवड्यात पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकरांसाठी मी हळहळले आणि त्या मुलीवर संशय घेतला. एकाच आठवड्यात मला हे दोन्ही जमलं.

निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये मुलाकडे, अमेरिकेत टेक्ससला गेले. नातू झाला होता. शेजारचं कुटुंब मॉर्मन आहे, असं मुलाने सांगितलं. मला मॉर्मन म्हणजे अनेक बायका करणारे एवढंच ठाऊक. शेजारीण मनाने मोकळी होती. एकदा मी भीत भीत विचारलंच. ती म्हणाली, आमच्या चर्चने ते १८९० सालीच सोडलं. त्यानंतरही जे करत राहिले ते वेगळे झाले, आमचे नव्हेत. तिचं म्हणणं बरोबर होतं. सगळ्या मॉर्मन लोकांना त्या मूठभर पंथांच्या मापाने मोजणं अन्यायाचं आहे, हे मला तिच्या स्वयंपाकघरात बसून कळलं. तिनेच वाचनालयाचा रस्ता दाखवला. जॉन क्राकॉर यांचं या पंथांवरचं २००३ चं पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने वाचलं आणि मग हाताला लागेल ते वाचत गेले.

वाचताना माझ्या लक्षात आलं की या इतिहासात रक्त सांडतं ते बहुतेक वेळा कुणीतरी बोलल्यावर किंवा सोडून गेल्यावर. १८४४ च्या जूनमध्ये इलिनॉयमधल्या नॉवू गावात काही नाराज अनुयायांनी छापखाना घातला आणि संस्थापक जोसेफ स्मिथ गुपचूप अनेक लग्नं करतो, हे छापलं. त्या पत्राचा एकच अंक निघाला. स्मिथ गावाचा महापौर होता. तीन दिवसांत छापखाना मोडून टाकण्यात आला. त्यापायी तो तुरुंगात गेला आणि २७ जूनला जमावाने त्याला तिथेच गोळ्या घातल्या. म्हणजे हिंसा दोन्ही बाजूंनी होती, हेही सांगायला हवं. पुढे बहुपत्नीत्व न सोडणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या. त्यांतला अर्विल लेबॅरन स्वतःला देवाचा प्रेषित म्हणवायचा. १९७२ मध्ये त्याच्या माणसांनी त्याच्या सख्ख्या भावाला मारलं, १९७७ मध्ये रूलन ऑलरेड या दुसऱ्या पंथप्रमुखाला. १९८१ मध्ये अर्विल तुरुंगात मेला, पण जाण्याआधी ‘गद्दारांची’ यादी लिहून गेला. २७ जून १९८८ ला टेक्ससमध्ये, दुपारी चारच्या सुमारास, वेगवेगळ्या ठिकाणी त्या यादीपायी चार जीव घेतले गेले. त्यांत पंथ सोडून गेलेली माणसं होती आणि आठ वर्षांची एक मुलगी. लिहिणारा मरून सात वर्षं झाली होती.

आणि युटामधली ब्रेंडा लॅफर्टी. तिचे दीर बहुपत्नीत्वाच्या नादी लागले. मोठ्या जावेला नवऱ्यापासून दूर व्हायला ब्रेंडाने बळ दिलं, एवढाच तिचा गुन्हा. २४ जुलै १९८४ ला दोघा दिरांनी तिला आणि तिच्या पंधरा महिन्यांच्या मुलीला ठार केलं. ते प्रकरण वाचून मी पुस्तक मिटलं आणि पाळण्यातल्या नातवाजवळ जाऊन बसले.

युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या शॉर्ट क्रीकमधल्या अशाच एका पंथाच्या मुलींना एक शिकवण दिली जायची: गोड राहा. काहीही होवो, चेहरा गोड, आवाज गोड. त्याच पंथातल्या एलिसा वॉल हिचं २००१ मध्ये, चौदाव्या वर्षी, मामेभावाशी लग्न लावलं गेलं. ते लावणारा वॉरन जेफ्स पुढच्याच वर्षी पंथाचा प्रमुख झाला. ज्या पुरुषावर त्याची मर्जी फिरे, त्याला तो गावाबाहेर काढी आणि त्याची बायका-मुलं दुसऱ्याच्या पदरात टाकी. एलिसा कोर्टात उभी राहिली ती २००७ मध्ये. मधली सहा वर्षं मी मोजली. जिथे घर, जमीन, नवरा, मुलं आणि स्वर्ग सगळं एकाच माणसाच्या हातात आहे, तिथे ती कुणाकडे जाऊन बोलणार होती? पोलिसांकडे? १९५३ मध्ये सरकारने त्याच गावावर धाड घातली होती आणि मुलांना आयांपासून तोडून नेलं होतं. ती आठवण पंथाने पिढ्यान्‌पिढ्या जपली: बाहेरचे आले की मुलं जातात. जेफ्सला शेवटी टेक्ससच्या कोर्टाने २०११ मध्ये अल्पवयीन मुलींवरील अत्याचारासाठी जन्मठेप आणि वर वीस वर्षं दिली.

‘गोड राहा’ वाचलं आणि मला माझी मोठी माय आठवली. आजोबांना दोन बायका होत्या. मुंबई प्रांताने हिंदूंना दुसरं लग्न बंद केलं ते १९४६ मध्ये. सुरतही तेव्हा त्याच प्रांतात. आजोबांचं दुसरं लग्न त्याच्या बरंच आधीचं. धाकलीला मुलं झाली, मोठीने ती वाढवली. दोघी बहिणींसारख्या राहिल्या, असं आमच्या घरात कौतुकाने सांगतात. मीही वर्गात सांगितलंय. मोठी माय कधी तक्रारीचा शब्द बोलली नाही, म्हणून तिची तक्रार नव्हती असं आम्ही धरून चाललो. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला साठाव्या वर्षी, टेक्ससच्या वाचनालयात पडला.

सुरतला परत आले तेव्हा त्या दोन बहिणींचे खटले चालूच होते. मग मी जुने पेपर काढून नीट वाचायला बसले. जे २०१३ ते २०१५ मध्ये डोळ्यांखालून गेलं होतं, तेच. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या सुमारास एका साक्षीदारावर ॲसिड फेकलं गेलं, ते इथे, आमच्या सुरतेत. मे महिन्यात राजकोटला अमृत प्रजापती यांच्यावर गोळी झाडली गेली. ते एकेकाळी आसारामांचे वैद्य होते, मग त्यांच्याविरुद्ध बोलू लागले. जूनमध्ये ते गेले. जानेवारी २०१५ मध्ये मुझफ्फरनगरला आसारामांच्या जुन्या स्वयंपाक्याचा खून झाला. फेब्रुवारीत जोधपूरला कोर्टाच्या आवारात एका साक्षीदाराला भोसकलं. मे मध्ये पानिपतजवळ महेंद्र चावला या साक्षीदारावर गोळीबार, जुलैमध्ये शाहजहानपूरला आणखी एका साक्षीदाराचा खून. कुणी कुणाच्या सांगण्यावरून केलं, ते ठरवणं कोर्टाचं काम. मी एवढंच म्हणते की “इतकी वर्षं का बोलल्या नाहीत” या माझ्या प्रश्नाचं उत्तर पेपरात तारीखवार छापून येत होतं, आणि मी ते वाचून चहा घेत होते.

वाचलेले चावला सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ डिसेंबर २०१८ ला त्यांच्याच याचिकेवर न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. त्याआधी, एप्रिलमध्ये, जोधपूरला आसारामांना जन्मठेप झाली होती. ३० एप्रिल २०१९ ला सुरतच्या सत्र न्यायालयाने धाकट्या बहिणीच्या खटल्यात नारायण साईला जन्मठेप दिली. सोबत शिक्षा झालेल्यांत आश्रमातल्या दोन बायकाही होत्या. बाई बाईला असं करील का, हेही मी तेव्हा ठणकावून विचारायचे. मोठ्या बहिणीच्या खटल्याचा निकाल गांधीनगरला लागायला ३१ जानेवारी २०२३ उजाडला. आसारामांना दुसरी जन्मठेप.

सुरतच्या निकालाच्या संध्याकाळी भाची घरी आली. तिचं लग्न झालंय, डिंडोलीला राहते. टीव्हीवर तीच बातमी होती. मी म्हणाले, “बरं झालं, त्या पोरींनी धीर सोडला नाही.” ती बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, त्या दिवशी शाळेत मी तुला सांगायचं ठरवून आले होते. तू पेपर वाचलास आणि ते बोललीस. मग नाही सांगितलं.”

तिची गोष्ट तिची आहे, ती इथे मांडायचा हक्क मला नाही. जागा वेगळी, बुवा वेगळा, छोटासाच मठ. तिथेही आत पाठवणाऱ्या ज्येष्ठ साधिका होत्या, तिथेही “गुरूची निंदा केलीस तर घर बुडेल” हे वाक्य होतं. ती तेवीस वर्षांची होती. एवढंच लिहायची तिने परवानगी दिली आहे.

मी रागावले कुणावर, तर आधी स्वतःवर. शिक्षिका म्हणून तीस वर्षं मी मुलांना सुरतेचा इतिहास शिकवला, पण त्यातला याच विषयाचा धडा वगळून. जून १८४४ मध्ये, नॉवूत छापखाना मोडला त्याच महिन्यात, दुर्गाराम मेहताजी आणि आपले मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. ती ढोंगीपणाविरुद्ध उघड बोलण्यासाठीच होती. १८६० मध्ये सुरतेहून मुंबईला गेलेल्या जदुनाथजी महाराजांवर करसनदास मूळजी यांनी ‘सत्यप्रकाश’मध्ये लेख लिहिला: भक्तांच्या बायका-मुली गुरूला अर्पण करण्याच्या चालीवर. महाराजांनी पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. तेव्हा भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल तो जातीबाहेर. वाळीत टाकणं म्हणजे त्या काळी मुलांची लग्नं बंद, व्यवहार बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. करसनदासांनी त्यांच्यावरच खटला भरला आणि कोर्टाने दोघांना हजार-हजार, बाकीच्यांना पाचशे-पाचशे रुपये दंड केला. मग साक्षीदार उभे राहू शकले. महाराजांवर गुप्तरोगाचे उपचार केल्याची साक्ष द्यायला डॉ. भाऊ दाजी लाड आले. २२ एप्रिल १८६२ ला करसनदास जिंकले. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेने मॉर्मन बहुपत्नीत्वाविरुद्ध आपला पहिला कायदा केला.

दीडशे वर्षांपूर्वी करसनदासांना कळलं होतं की आधी साक्षीदाराची भीती काढावी लागते, मग सत्य कोर्टात येतं. मला ते २०१९ मध्ये कळलं, तेही माझ्याच घरातली पोर सहा वर्षं गप्प राहिल्यावर.

माझी श्रद्धा संपलेली नाही. देवघरात आईचे देव आहेत, मी रोज दिवा लावते. पण ज्या माणसाला प्रश्न विचारता येत नाही आणि ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्या पायाशी मी पुन्हा बसणार नाही, दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. आणि उशिरा बोलणाऱ्या बाईला तारीख विचारणार नाही.

भाचीने अजून तक्रार दिलेली नाही. द्यावी की नाही हे तीच ठरवील. ठरवलं तर मी तिच्यासोबत पोलीस ठाण्याच्या बाकावर बसेन.

त्या दुपारी स्टाफरूममध्ये माझ्या वाक्याला मान डोलावणाऱ्या माझ्या मैत्रिणी, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर तिला सांगते: ते वाक्य मी मागे घेते. तूही घे. आणि तुझ्या घरात ते कुणी ऐकलं होतं, तेव्हा कोण ताटावरून उठून गेलं होतं, एकदा आठवून बघ.